नॅनो मरीन टाकीतल्या शेवाळासाठी: लॉनमोवर, मॉली की टेलस्पॉट?

५०-६० लिटरच्या छोट्या (नॅनो) मरीन म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टाकीत शेवाळ खाणारा मासा ठेवायचा म्हटलं की टँगसारखे मोठे होणारे शेवाळखाऊ मासे आपोआप बाद होतात आणि निवड तिघांवर येते: लॉनमोवर ब्लेनी (ब्लेनी म्हणजे दगडांवर बसणारे छोटे मासे), खाऱ्या पाण्याला सरावलेली मॉली आणि टेलस्पॉट ब्लेनी.

आधी शेवाळ कोणतं आहे ते बघा. लालसर-जांभळा, बुळबुळीत, पापुद्रा सुटतो तसा निघणारा थर असेल तर तो सायनो (सायनोबॅक्टेरिया). बुडबुडे धरून ठेवणारे तपकिरी, शेंबडासारखे धागे असतील तर डायनो (डायनोफ्लॅजेलेट हे सूक्ष्म जीव). या दोन्हींवर तिघांपैकी कुणाचाच उपयोग नाही. ब्रायोप्सिस या पिसासारख्या हिरव्या शेवाळालाही हे सहसा तोंड लावत नाहीत. बोटभर वाढलेलं केसाळ शेवाळ आधी हाताने उपटून पाणी बदलायच्या नळीने ओढून घ्यायचं. माशाचं काम त्यानंतर, दगडावर पुन्हा फुटणारी कोवळी लव खाण्याचं. आणि मासा खातो ते विष्ठेतून पाण्यातच परत येतं, त्यामुळे नायट्रेट-फॉस्फेट चढलेलं असेल तर कोणताही मासा आणा, शेवाळ पुन्हा येणार. खरं तर काच आणि दगड साफ ठेवायला चार ट्रोकस गोगलगायी जास्त भरवशाच्या. पण त्या टाकीत बघण्यासारखं काही करत नाहीत, हेही खरं.

लॉनमोवर कामाला वाघ आहे, यात वाद नाही. दुकानात लहान दिसतो, पण १४ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. दगडावरच्या शेवाळाबरोबर त्यात अडकलेला गाळही तो ओरबाडतो, म्हणून टाकी झपाट्याने उजळते. वाळू मिसळलेल्या विष्ठेच्या लांब माळा प्रवाळावर पडलेल्या दिसतात. तेही चालवून घेता येईल. माझ्या मनातून तो उतरला तो वेगळ्याच कारणाने. ६० लिटरमध्ये दगड असून असून किती असणार? आठ-दहा किलो. तेवढा चरून झाला की त्याच्या पोटाला काही उरत नाही, आणि यांच्यातले बरेच जण दाण्याकडे ढुंकून बघत नाहीत. दाणा तोंडाजवळून जातो, मासा दगडावर बसलेला. काही नोरीला (वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पापुद्र्याला) सरावतात, पण सगळे नाही. मग पोट आत जातं, डोक्यामागे पाठीची कड दिसायला लागते. त्याला जगवायचं तर उजेडात दुसरी बादली ठेवून तिच्यात दगडांवर शेवाळ वाढवायचं आणि दर आठवड्याला दगड बदलायचे. म्हणजे शेवाळ घालवायला आणलेल्या माशासाठी शेवाळाची शेती! १५०-२०० लिटरच्या जुन्या टाकीत हा प्रश्न एवढा येत नसावा. नॅनोत हमखास येतो.

मॉलीचं नेमकं उलटं. स्वस्त, कुठेही मिळणारी, केसाळ शेवाळावर तुटून पडणारी, पण दाणे सुरू झाले की चरणं विसरते. क्लाउन मासे असलेल्या टाकीत दाणे रोजच पडतात, आणि पहिली पुढे येते ती हीच. आठवड्यातून दोन दिवस उपास घातला तर कामाला लागते. जोरदार वेव्हमेकरसमोर (टाकीत प्रवाह तयार करणाऱ्या पंपासमोर) मात्र दमते. दुकानातल्या गोड्या पाण्यातून खाऱ्या पाण्यात नेताना घाई नडते. बादलीत तिच्या पिशवीतलं दोन लिटर पाणी, हीटर आणि एअर स्टोन. हवेच्या नळीला गाठ मारून सेकंदाला दोन-तीन थेंब या बेताने १.०२५ विशिष्ट गुरुत्वाचं (खारटपणाचं माप) ताजं खारं पाणी सोडायचं. चार लिटर झालं की निम्मं फेकायचं आणि पुन्हा तेच. अशा चार फेऱ्यांनी पाणी १.०२३ च्या पुढे जातं. बहुतेक एक अख्खा दिवस जातो.

टेलस्पॉट म्हणजे एक्सेनियस स्टिग्मॅटुरा, पुरता वाढूनही ६ सेंटिमीटरचा. काचेवरच्या थरात त्याच्या ओठांचे गोल ठसे उमटलेले दिसले की समजायचं, स्वारी रुळली. मला तो उजवा वाटतो तो एका गोष्टीसाठी: हा दाणाही उचलतो आणि लगेच दगडावर परत जाऊन ओरबाडायला लागतो. पोट भरलं म्हणून काम थांबत नाही, काम संपलं म्हणून उपाशीही राहत नाही.

उणिवा आहेत. लांब केसाळ शेवाळ त्याला झेपत नाही. तिथे मॉली सरस. उपाशी राहिला तर मांसल प्रवाळाला टोचे मारू शकतो. उडीही मारतो, म्हणून वर ६ मिलिमीटरची जाळी हवी, आणि वायर-पाइपच्या फटीसुद्धा बुजवलेल्या हव्यात. दगडात बोट जाईल एवढी दोन-तीन भोकं ठेवा, तिथेच तो बसतो. दुसरी ब्लेनी मात्र त्याच टाकीत नको. त्याचाच भाऊबंद बायकलर ११ सेंटिमीटरपर्यंत जातो आणि भांडखोरही असतो, तेव्हा टेलस्पॉट नाही म्हणून तो उचलू नये.

टेलस्पॉट इंडोनेशिया-फिलिपिन्सकडचा, त्यामुळे मुंबई-पुण्यातल्या दुकानांतही तो कायम असेल असं नाही. केसाळ शेवाळच फार असेल आणि थांबायचं नसेल तर मॉली घ्यायला हरकत नाही. टेलस्पॉटसाठी थांबणार असाल तर टाकी निदान तीन-चार महिने मुरलेली असू द्या. सोबत बिनमिठाची, बिनतेलाची नोरी आणून ठेवा: दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा रबरबँडने दगडाला बांधायचा आणि उरलेला संध्याकाळी काढून टाकायचा, नाहीतर तो फिल्टरच्या स्पंजात जाऊन कुजतो.

मासा निवडताना समोरून बघा, बाजूने नव्हे. खपाटीला गेलेलं पोट समोरून लगेच कळतं. दुकानदाराला दाणे टाकायला सांगा. उचलले नाहीत तर पैसे देऊन मासा तिथेच राहू द्या आणि चार दिवसांनी, खायला लागल्यावर घरी न्या.