शेअर बाजाराची भाषा शिकायला एनएसईचं ‘कोट’ पान: कामाचं, पण अबोल

नव्या गुंतवणूकदाराने शब्दांच्या याद्या पाठ करत बसू नये. एनएसईच्या (नॅशनल स्टॉक एक्स्चेंज या शेअर बाजाराच्या) संकेतस्थळावर एखादी कंपनी शोधावी आणि उघडणारं कोट पान, म्हणजे त्या शेअरचा भाव आणि आकडे दाखवणारं पान, सावकाश वाचावं. पैसे लागत नाहीत, लॉगिन लागत नाही, आणि ब्रोकरच्या अ‍ॅपसारखं ‘बाय’चं बटणही समोर नसतं. शिकायच्या काळात हा शेवटचा फायदा फार मोठा आहे.

आधी एमआरएफ उघडा, मग आयटीसी. एकाचा भाव लाखाच्या घरात, दुसऱ्याचा काही शे रुपये. पहिला महाग, दुसरा स्वस्त असं वाटतं ना? आता ‘मार्केट कॅप’, म्हणजे सगळ्या शेअरची मिळून किंमत, बघा. एमआरएफचे एकूण शेअर साधारण ४२.४ लाख, आयटीसीचे सुमारे १,२५० कोटी. एमआरएफ १ लाखाला धरला तर अख्खी कंपनी ४२,४०० कोटींची होते. आयटीसी ३०० रुपयांना धरला तरी पावणेचार लाख कोटींची. नुसत्या भावावरून काहीच ठरत नाही. भाव कमाईच्या किती पट आहे हे पीई सांगतो, आणि पीईची तुलना त्याच उद्योगातल्या कंपन्यांशीच करायची.

त्याच पानावर ‘फेस व्हॅल्यू’, म्हणजे शेअरची कागदोपत्री मूळ किंमत, दिसेल: एमआरएफची १० रुपये, आयटीसीची १. हा आकडा दुर्लक्षित राहतो आणि मग लाभांशाच्या बातमीत फसगत होते. ‘५०० टक्के लाभांश’ म्हणजे फेस व्हॅल्यूच्या ५०० टक्के. ती १ रुपया असेल तर हातात ५ रुपये, मग बाजारभाव काहीही असो.

पानाचा सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे ऑर्डर बुक, थांबलेल्या ऑर्डरींची यादी. एका बाजूला घेणाऱ्यांचे पाच भाव (बिड), दुसऱ्या बाजूला विकणाऱ्यांचे पाच (आस्क). समजा, एका लहान कंपनीत १०० रुपयांना ४०च शेअर विकायला आहेत, पुढचे ६० शेअर १०२ला आणि त्यापुढचे ४०० शेअर १०५ला. तुम्ही ५०० शेअरची मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाची) टाकली तर ती पायऱ्या चढत जाते आणि सरासरी १०४ रुपये २४ पैसे पडते. लिमिट ऑर्डर (ठरवलेल्या भावापेक्षा जास्त न देणारी) १०० रुपयांची असती तर ४० शेअर मिळाले असते आणि बाकीची ऑर्डर थांबून राहिली असती. कमी उलाढालीच्या शेअरमध्ये मार्केट ऑर्डर टाकूच नये. विकणाऱ्यांची बाजू पूर्ण रिकामी दिसली तर शेअर बहुधा ‘अप्पर सर्किट’ला, म्हणजे त्या दिवसाच्या कमाल भावाला, लागलाय, त्या दिवसाची मर्यादा ‘प्राइस बँड’मध्ये वाचा.

नावाजवळची ‘सीरिज’ही बघा. ईक्यू असेल तर नेहमीचा व्यवहार. बीई असेल तर डिलिव्हरी, म्हणजे शेअर प्रत्यक्ष खात्यात घेणं, सक्तीची; आज घेऊन आजच विकण्याचा, म्हणजे इंट्राडेचा, मार्ग बंद.

उणीव अशी की पान आकडे देतं, अर्थ सांगत नाही. बोनसचं उदाहरण घ्या. रिलायन्सच्या १:१ बोनसची (एका शेअरमागे एक फुकट) रेकॉर्ड डेट, म्हणजे हक्कदार भागधारकांची यादी पक्की होण्याची तारीख, २८ ऑक्टोबर २०२४ होती. त्या सोमवारी भाव जवळपास निम्म्यावर आला, कारण शेअरची संख्या दुप्पट झाली होती. ज्याला ‘एक्स-डेट’ (ज्या दिवसापासून नव्याने घेणाऱ्याला बोनस मिळत नाही) ठाऊक नाही त्याला ही पडझडच वाटणार. टी+१ सेटलमेंटमुळे (सौद्यानंतर एका कामकाजाच्या दिवसात शेअर खात्यात येतो) आता एक्स-डेट आणि रेकॉर्ड डेट सहसा एकाच दिवशी येतात, म्हणून बोनससाठी शेअर शुक्रवारी, २५ तारखेपर्यंत घ्यायला हवा होता. तारखा ‘कॉर्पोरेट अ‍ॅक्शन्स’मध्ये मिळतात, हिशेब मात्र आपल्यालाच करावा लागतो.

संकेतस्थळाला मराठीची जोड मिळाली आहे. तरीही बिड, आस्क, एक्स-डेट हे शब्द मूळ रूपातच लक्षात ठेवा. ब्रोकरच्या अ‍ॅपवर बहुतेक वेळा तेच समोर येतात.