डिश बंद करताना खात्यातून गेलेले ६८,४०० रुपये

अमळनेर तालुक्यातील आमच्या घरावर गेली अकरा वर्षे डिशची छत्री आहे. यंदा एप्रिलमध्ये गावात फायबरचे इंटरनेट आले, मुलाने नवा स्मार्ट टीव्ही त्याला जोडला आणि डिशचा रिचार्ज आता कशासाठी करायचा, असा प्रश्न घरात निघाला. मुले सगळे मोबाइलवर पाहतात, मी बातम्या आणि कापसाचे भाव यूट्यूबवर पाहतो. डिशवरचे कार्यक्रम नेमाने पाहणारी एकटी आईच उरली होती आणि तिलाही सह्याद्री वाहिनी मिळाली की पुरे होते. प्रसारभारतीच्या डीडी फ्री डिशवर सह्याद्री दिसते आणि तिला मासिक शुल्क नाही, हे कळल्यावर आईचीही हरकत राहिली नाही. डिश सोडण्याचा निर्णय चुकला असे मला आजही वाटत नाही. ती सोडताना मी जे केले, ते मात्र कोणीही करू नये, म्हणून हे लिहीत आहे.

जानेवारीत मी वर्षभराचा रिचार्ज एकदम केला होता आणि त्यातले सुमारे २,६०० रुपये शिल्लक होते. ते परत मिळतील का, हे विचारण्यासाठी मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी दीडच्या सुमारास मी मोबाइलवर कंपनीच्या ग्राहक सेवेचा क्रमांक शोधला. सर्वांत वर जो क्रमांक दिसला, त्याच्या शेजारी कंपनीचे बोधचिन्ह होते, एवढ्यावरच माझा विश्वास बसला. प्रत्यक्षात तो क्रमांक कंपनीचा नव्हताच; कोणीतरी कंपनीच्या नावाने तो इंटरनेटवर टाकून ठेवला होता.

पलीकडचा माणूस अतिशय अदबीने हिंदीत बोलत होता. त्याने प्रथम माझे नाव, नोंदणीकृत मोबाइल क्रमांक आणि बॉक्सच्या मागचा कार्ड क्रमांक विचारला, थोडा वेळ थांबला आणि मग तीच माहिती मला वाचून दाखवून "बरोबर आहे ना, सर?" असे विचारले. त्याच्यासमोर माझे खाते उघडलेले आहे, अशी माझी त्या क्षणी खात्री पटली. मीच सांगितलेली माहिती तो मला परत ऐकवत आहे, हे माझ्या लक्षात आले नाही. पुढचे सगळे या एका समजुतीवर घडले, असे मला आता वाटते.

त्यानंतर त्याने व्हॉट्सॲपवर "रिफंड फॉर्म" नावाची फाइल पाठवली. ती कागदपत्राची फाइल नव्हती, एपीके म्हणजे मोबाइलमध्ये बसणारे ॲप होते. अनोळखी ठिकाणचे ॲप असल्याची सूचना मोबाइलने दिली, तेव्हा "ती नेहमीच येते, होय करा," असे तो म्हणाला. ॲपने एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली, ती मी दिली. उघडलेल्या पानावर कंपनीचे चिन्ह होते आणि पैसे ज्या खात्यात परत हवेत, त्या खात्याच्या डेबिट कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे भरायचे होते. मी ते भरले. "सिस्टीममध्ये प्रक्रिया चालू आहे, फोन कापू नका," असे सांगून त्याने मला पंधरा-वीस मिनिटे बोलण्यात गुंतवून ठेवले. तेवढ्या वेळात बँकेचे ओटीपी त्या ॲपमार्फत परस्पर त्याच्याकडे जात होते आणि माझ्या मोबाइलवर एकही संदेश दिसत नव्हता. ओटीपी कोणाला सांगू नये, हे मला पक्के ठाऊक होते आणि मी तो सांगितलाही नाही. सांगण्याची गरजच उरली नव्हती.

पैसे गेल्याचे कळले ते संध्याकाळी पाच वाजता, कृषी केंद्रात. कापूस विकून आलेल्या रकमेतून बियाणे आणि खतासाठी बाजूला ठेवलेले पैसे त्या खात्यात होते. आगाऊ रक्कम देण्यासाठी दुकानदाराच्या काउंटरवरचा क्यूआर कोड स्कॅन केला, तर शिल्लक अपुरी असल्याचे आले. खाते पाहिले, तर दुपारी १:५२ला ४९,५०० आणि १:५८ला १८,९०० रुपये गेलेले होते. घरी आलो, तेव्हा माझा चेहरा पाहून आईने "काय व्हयनं रे भाऊ?" एवढेच विचारले आणि मला काही क्षण उत्तर देता आले नाही.

मुलाने मात्र वेळ दवडला नाही. बँकेच्या क्रमांकावरून कार्ड बंद करवले, माझा मोबाइल इंटरनेटपासून तोडला आणि स्वतःच्या फोनवरून १९३० हा सायबर तक्रारीचा क्रमांक लावून दिला. तेथे खाते क्रमांक, दोन्ही व्यवहारांचे क्रमांक, वेळ आणि रक्कम विचारतात. बँकेचे विवरण हाताशी असेल, तर तक्रार पाच-सात मिनिटांत नोंदवली जाते. रक्कम पुढच्या खात्यात असेपर्यंतच ती रोखता येते, म्हणून लाजेखातर किंवा घरी काय सांगावे या विचारात घालवलेला प्रत्येक तास चोराच्या उपयोगी पडतो. माझ्या बाबतीत साडेतीन तास आधीच गेले होते. १८,९०० रुपये रोखले गेले, ते परत मिळण्यासाठी न्यायालयात अर्ज केला आहे. ४९,५०० पुढे काढून घेतले गेले होते.

बँकेच्या व्यवस्थापकांनी रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७चे परिपत्रक दाखवले. ग्राहकाने स्वतःच्या निष्काळजीपणाने माहिती दिली असेल, तर बँकेला कळवण्यापूर्वीचे नुकसान ग्राहकाचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे, असे त्यात आहे. मला ते ऐकणे जड गेले, पण कार्डाचे आकडे मीच भरले होते.

सर्वांत अधिक खंत या गोष्टीची आहे, की मला कोणाला फोन करण्याची गरजच नव्हती. डिशची सेवा आगाऊ पैसे भरून चालते. रिचार्ज केला नाही, तर ती आपोआप थांबते. शिल्लक रकमेविषयी विचारायचेच होते, तर जुन्या रिचार्जच्या पावतीवर कंपनीचा खरा क्रमांक छापलेला होता आणि ती पावती टीव्हीखालच्या खणात पडून होती. केबल असेल, तर गावातल्या केबलवाल्याकडे स्वतः जावे, बॉक्स अनामत देऊन घेतलेला असेल, तर तो परत केल्याची पोच घ्यावी आणि अनामत मोजून घ्यावी. परताव्यासाठी कार्डाचे मागचे आकडे किंवा यूपीआयचा पिन कोणी मागितला, तर तेथेच फोन ठेवावा. खात्यात पैसे येण्यासाठी यांपैकी काहीही लागत नाही.

नऊ दिवसांनी पुन्हा एक फोन आला. या वेळी माणूस मराठीत बोलत होता, स्वतःला सायबर विभागाचा अधिकारी म्हणवत होता, माझी नेमकी रक्कम त्याला माहीत होती आणि ती सोडवून देण्यासाठी २,००० रुपये शुल्क भरा, असे सांगत होता. मी काही न बोलता फोन ठेवला आणि तो क्रमांक दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर, संशयास्पद फोन कळवण्याच्या चक्षू सुविधेत कळवला. जुन्या पावतीवरचा क्रमांक आता आईने कॅलेंडरच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे.