किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर वेताळ अजून मिळतो!

माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या बागेजवळ फुटपाथवर जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत ना, त्यातल्या एका दुकानात जुनी कॉमिक्स छान मिळतात. भाच्याला सुपरहिरो म्हणजे नुसती तोडफोड एवढंच माहीत, म्हणून त्याला मुद्दाम घेऊन गेले.

इंद्रजाल, म्हणजे वेताळच्या गोष्टी छापणारं कॉमिक्स, 1964 ला सुरू झालं आणि 1990 ला बंद पडलं, त्यामुळे मराठी अंक मोजकेच होते, पिना गंजलेल्या, कडा पिवळ्या, पण पानं सगळी जागेवर. दुकानवाले काका स्वतः वाचणारे आहेत, प्लास्टिकमधून काढून एकेक पान उलटून दाखवतात. वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, घेतलाच. कमरेला दोन पिस्तुलं असून हा माणूस समोरच्याच्या हातातली बंदूक तेवढी उडवतो, जीव घेत नाही, फार तर जबड्यावर ठोसा आणि कवटीच्या अंगठीचा ठसा. आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की तो एकविसावा आहे, आधीचे 20 जण बापामागून मुलगा असे तेच काम करून गेले आणि लोकांना वाटतं एकच अमर माणूस आहे, म्हणजे श्रेय कोणाच्याच नावावर नाही! ली फॉकने हे 1936 ला लिहायला घेतलं, सुपरमॅनच्याही दोन वर्षं आधी.

स्पायडरमॅनच्या 1962 च्या पहिल्या गोष्टीचं इंग्रजी रिप्रिंटपण मिळालं, ते सोडू नका. अकराच पानं आहेत. स्पायडरमॅन म्हणजे पीटर, त्याच्या काकाचा खुनी त्याच्या हातात सापडतो, बघतो तर आपण माज करून ज्याला पळू दिलं तोच चोर, तरी पीटर त्याला मारत नाही, जाळ्यात बांधून पोलिसांसाठी लटकवून ठेवतो. चित्रकार स्टीव्ह डिटकोने मुखवटा काढल्यावरचे त्याचे भरून आलेले डोळे काढलेत. भाचा त्या चित्रावर थांबला आणि म्हणाला, मावशी, याने मारलं का नाही गं? दुकानवाल्या काकांनी गिऱ्हाईक सोडून त्याला नीट समजावलं, असा दुकानदार कुठे मिळतो सांगा.

बॅटमॅन मात्र फारसा नव्हता.

भाव इंद्रजालचे चढेच आहेत, रिप्रिंट स्वस्त. घासाघीस चालते पण जास्त ताणू नका, माल तेवढा जपून ठेवलेला असतो. पावसाळ्यात सगळं ताडपत्रीखाली जातं, चाळायला मिळत नाही, तेव्हा दिवाळीनंतरच जा आणि जमलं तर पोरांना बरोबर न्या.