गॅस, स्पिरिट की कोळसा? वाफेचं पहिलं मॉडेल इंजिन घेण्याआधी

दोन रुळांमधलं अंतर 32 किंवा 45 मिमी असलेल्या मार्गावर खरोखरच्या वाफेवर धावणारी छोटी इंजिनं तीन इंधनांवर चालतात: ब्यूटेन गॅस, स्पिरिट (जळाऊ अल्कोहोल) आणि कोळसा. वाफ तिन्हींची सारखीच. फरक आहे तो आग तुमचं किती ऐकते यात, आणि आमच्या मते निवड त्यावरूनच करावी.

ब्यूटेन गॅसची आग सर्वांत आज्ञाधारक. झडप बंद केली की विझली. आधी बॉयलर काठोकाठ भरून सिरिंजने 25-30 मिली पाणी काढून घ्या, म्हणजे वाफेला जागा राहते. मग ल्युब्रिकेटरमध्ये (वाफेत तेल सोडणाऱ्या डबीत) स्टीम ऑइल, आणि गॅस सर्वांत शेवटी. तोही पेटत्या इंजिनांपासून लांब, कारण ब्यूटेन हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो. धुराड्याच्या तोंडाशी ज्योत धरून झडप हळूच उघडली की ‘फट्’ आवाज होऊन ज्योत आत बर्नरवर जाते. ती स्मोकबॉक्समध्येच (धुराड्याखालच्या पोकळीत) जळत राहिली तर तिथला रंग करपतो आणि वाफ मात्र धरत नाही. दोष बहुधा तुंबलेल्या जेटचा, म्हणजे गॅस बाहेर सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोटीचा असतो. त्यात तार घालू नका; भोक मोठं झालं की जेट वाया गेला. उलट्या बाजूने गॅसचा फवारा मारला तर बहुतेकदा काम होतं.

इंजिनातल्या गॅसच्या टाकीतला दाब हवेच्या तापमानावर असतो: 20 अंशांना निरपेक्ष दाब (हवेचा दाब धरून) सुमारे 2 बार, 40 अंशांना पावणेचार. म्हणून इंग्लंडच्या थंडीत टाकीभोवती कोमट पाणी ओततात, तर नागपूरच्या मे महिन्यात झडप जराशी उघडली तरी बर्नर किंचाळतो. उन्हाळ्यात प्रोपेनमिश्रित डबा टाळाच. आणि नुसता गॅस पुन्हा भरून निघू नका. त्याआधी पाणी भरा, नाहीतर कोरडा बॉयलर तापेल.

स्पिरिट शांत जळतं, बर्नरची घरघर नाही. त्यामुळे पिस्टनचा खरा ‘छुक’ ऐकू येतो. बॉयलरच्या आत पेटणाऱ्या प्रकारात मात्र सुरुवातीला धुराड्यावर बॅटरीचा पंखा बसवून ओढ द्यावी लागते. थोडा दाब आला की आधी ब्लोअर (धुराड्यात वाफ सोडून ओढ देणारी नळी) उघडायचा, मग पंखा काढायचा. हा क्रम चुकला की ज्योत मागे फिरते आणि कॅबचा (ड्रायव्हरच्या खोलीचा) रंग भाजतो. वाती नळीत हलकेच सरकल्या पाहिजेत. घट्ट कोंबल्या तर स्पिरिट वर चढत नाही, फार सैल असतील तर ओसंडतं. ओघळलेलं स्पिरिट पेटलं तर दिवसाउजेडी ज्योत दिसतच नाही. पाण्याने ते विझतं, तेव्हा बादली जवळ हवी. दुकानातल्या डिनेचर्ड स्पिरिटमध्ये बऱ्याचदा विषारी मिथेनॉल असतं, भरताना वास घेत बसू नका. झडप बंद केल्यावरही वातींत मुरलेलं स्पिरिट थोडा वेळ जळतंच.

कोळशाची आग बंद होत नाही, जाळी खाली पाडून फायरबॉक्स (आगीची पेटी) रिकामा करावा लागतो. रॉकेलमध्ये भिजवलेला लोणारी कोळसा पंख्यावर फुलवायचा, मग हरभऱ्याच्या दाण्याएवढा दगडी कोळसा थोडाथोडा, वारंवार. एकदम चमचाभर टाकला की आग दबते. गाडी थांबली आणि ब्लोअर बंदच राहिला, तरी मरगळते. फेरी लांबते म्हणून बॉयलरमध्ये पाणी भरणारा पंप लागतोच, नजर पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवर हवी; फायरबॉक्सच्या माथ्यावरचं पाणी उतरलं तर बॉयलर कामातून जातो. वेल्श स्टीम कोल यासाठी नावाजलेला, कारण राख आणि धूर कमी. आपला चंद्रपूरकडचा कोळसा राखेचा. इतक्या बारीक नळ्या तो लवकर भरून टाकतो. इथे राहून कोळशाचं इंजिन घेणाऱ्याने इंधन कुठून आणणार हे आधी ठरवावं.

पहिलं इंजिन असेल, किंवा मुलं आसपास वावरणार असतील, तर गॅस. माथेरानच्या दोन फुटी गाडीचं मॉडेल करायचं असेल तर खऱ्या एका फुटाला मॉडेलात 16 मिमी या प्रमाणात रूळ नेमके 32 मिमी येतात, आणि या मापात गॅसवरची तयार इंजिनंच सर्वाधिक. 45 मिमीवर मुख्य मार्गाची मोठी, देखणी इंजिनं हवी असतील तर स्पिरिट, पण वाती लावायला चार-पाच दिवस हाताशी ठेवा. कोळसा दुसऱ्या इंजिनासाठी, ज्याला पळवण्यापेक्षा पेटवण्यातच जास्त मजा वाटते त्याने घ्यावा.