सरकारी विद्यापीठातून फिल्म-व्हिडीओचा कोर्स केला, दोन वर्षांचा रिव्ह्यू (खान्देशातल्या पोरांसाठी)

मी पारोळ्याकडचा. बीए झाल्यावर तीन वर्षं धुळे-अमळनेर-एरंडोल पट्ट्यात लग्नाचं शूटिंग केलं आणि मग बाहेर एका सरकारी विद्यापीठात दोन वर्षांचा फिल्म आणि व्हिडीओ प्रॉडक्शनचा एमए करून घरी आलो. तेव्हापासून नात्यातली, गावातली पोरं फोन करून एकच विचारतात, जाऊ का नको. म्हणून इथेच लिहून टाकतो. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही कारण चांगलं-वाईट दोन्ही सांगायचंय.

आधी पैशाचं. पहिल्यांदा माझ्या डोक्यात पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट होती, १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झालेली, पण तिथे जागा मोजक्या, माझा नंबर लागला नाही. खाजगीवाल्यांनी लाखांत आकडे सांगितले. इथे मात्र वर्षाची फी लगीनसराईतल्या दोन ऑर्डरीत निघाली, होस्टेल-मेस वेगळं. महाडीबीटीचा स्कॉलरशिपचा फॉर्म वेळेत भरा, उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, नंतर तहसीलला चकरा मारत बसाल.

आता शिकवणं. लग्नाच्या हॉलमध्ये शूट करताना माझ्या व्हिडीओत काळ्या पट्ट्या सरकायच्या, तीन वर्षं मी कॅमेऱ्याला शिव्या दिल्या, दोनदा रिपेअरला टाकला. सरांनी दुसऱ्याच आठवड्यात फळ्यावर समजावलं की आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, डोळ्याला दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतं, शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेव, फ्रेम रेट २५ ठेव, पट्ट्या जातील. गेल्या! हे यूट्यूबवर पण सापडतं, मान्य, पण माझ्या फुटेजकडे बघून माझी चूक दाखवणारं माणूस तिथे सापडत नाही.

सगळ्यात जास्त मार्क मी देईन साउंडच्या तासांना. पहिल्या वर्षाच्या डॉक्युमेंटरीसाठी चोपड्याजवळ मावशीच्या केळीच्या बागेत गेलो होतो. विहिरीजवळ काकांचा इंटरव्ह्यू घेतला, मागे केळीची हिरवीगार रांग, सकाळचं ऊन, फ्रेम बघून मीच खूश. कॉलेजात सरांनी स्क्रीन बंद केली, हेडफोन माझ्या कानाला लावले आणि म्हणाले, आता सांग काका काय म्हणाले. विहिरीची मोटर घुंघुं करतेय, वाऱ्याने केळीची पानं फडफड वाजतायत, आणि नेमकं व्यापाऱ्याने भाव कसा पाडला ते काका सांगत होते तेवढंच वाक्य त्याच्याखाली दबलेलं. अख्खी डॉक्युमेंटरी त्या वाक्यावर उभी होती. परत एसटीने चोपडा. यावेळी लाईट जाऊन मोटर बंद होईपर्यंत बांधावर बसून राहिलो, कॉलर माईक काकांच्या शर्टाच्या आतून टेपने चिकटवला, वर फरचं कव्हर. काका म्हणत होते, "माले पानी भराले जानं शे, लवकर कर रे पोऱ्या." बोलणं झाल्यावर सगळ्यांना अर्धा मिनिट गप्प बसवून नुसत्या बागेचा आवाज रेकॉर्ड केला, त्याला रूम टोन म्हणतात, एडिटमध्ये दोन वाक्यांच्या मधे टाकला की जोड कळत नाही. पानांची फडफड वेगळी घेतली, घड कापतानाचा विळ्याचा आवाज वेगळा घेतला. केळीचा चीक शर्टाला लागला तो डाग अजून निघाला नाही पण ती फिल्म मी आजही कोणालाही दाखवतो.

आता जे वाईट ते पण ऐका. आमच्या वर्गात बावीस जण आणि चालू कॅमेरे तीन, त्यातल्या एकाची बॅटरी फुगलेली. कॅमेरे देणारं विभागाचं स्टोअर ११ ला उघडायचं, ५ ला बंद, म्हणजे पहाटेचं ऊन नाही आणि सूर्य मावळतानाचं पण नाही, जो प्रकाश शिकायला आलो तोच मिळत नव्हता. इश्यू स्लिपवर विभागप्रमुखांची सही लागायची आणि ते मीटिंगला गेले की दिवस गेला. दुसऱ्या वर्षी आम्ही पाच जणांनी मिळून लेखी अर्ज दिला तेव्हा कुठे शुक्रवारी घेऊन सोमवारी परत करायची परवानगी मिळाली, हे पहिल्या महिन्यातच करायला पाहिजे होतं. एडिटिंग लॅबचे पीसी जुने, फोरके फुटेज टाकलं की हँग, म्हणून प्रॉक्सी, म्हणजे फुटेजची हलकी कॉपी, बनवून काम करायची सवय लागली, ती आता घरच्या लॅपटॉपवर रोज उपयोगी पडते.

लोकं म्हणतात शेजारच्या मालेगावात कुठलं कॉलेज न शिकता लोकांनी सिनेमे काढले, आपली अहिराणी कॉमेडीवाली पोरं मोबाईलवर शूट करून लाखो व्ह्यू घेतात, मग डिग्री कशाला. त्यांची मेहनत मोठीच आहे, मला मनापासून आदर आहे. पण त्यातल्याच दोघांनी मला बोलावलं ते साउंड करायला, कारण अहिराणी स्पष्ट ऐकूच आली नाही तर जोक पोचत नाही.

आणि एक, लाईटिंगचे तास झाले की सुट्टीत चाळीसगावला स्टेशनजवळ फोटोग्राफर केकी मूस यांचं घर आहे ते बघून या. टेबलावर छोट्या वस्तू मांडून, त्यांच्यावर उजेड टाकून त्या माणसाने घरात बसून जे फोटो काढलेत, ते बघताना प्रत्येक फोटोत लाईट कुठून आला ते शोधत मी तीन तास तिथे होतो.

माझ्याकडून ५ पैकी ४, एक स्टोअरचा कापला. ॲडमिशनच्या आधी विभागात प्रत्यक्ष जा, स्टोअरचं रजिस्टर मागा, मागच्या महिन्यात किती वेळा कॅमेरा बाहेर गेला ते मोजा, आणि सीनियर पोरांना त्यांची फिल्म हेडफोन लावून ऐकवायला सांगा.