जिना बंद करून त्याखाली कपाट : काम झकास, मापात कटकट

तळेगावला रो हाऊस आहे आमचं. बिल्डरने दिला तसाच जिना, हॉलमध्येच, एका बाजूला भिंत आणि दुसरी बाजू पूर्ण उघडी, आणि त्यावर ते बारीक पाइपचं रेलिंग, ज्यातल्या दोन पाइपांमधून मांजरच काय, रांगणारं पोरसुद्धा आरामात आरपार जाईल. खाली त्रिकोणी जागा, तिथे इन्व्हर्टर, चपलांचा ढीग, शिडी, जुन्या बॅगा आणि त्या सगळ्यावर टाकलेली जुनी चादर. पाहुणे आले की आधी नजर तिथेच. वर छोटी लाउंज आहे, तिला दार नाही, तिथला एसी लावला की गार हवा जड म्हणून जिन्यावरून सरळ खाली उतरायची, म्हणजे वरचे म्हणणार थंडच होत नाहीये आणि खाली सासूबाई सोफ्यावर पाय वर घेऊन बसणार. आणि खाली मिरचीची फोडणी पडली की वरच्या बेडरूममध्ये ठसका. तर जिन्याची उघडी बाजू बंद करायची आणि खाली कपाट करायचं असं ठरलं, काम होळीच्या आसपास झालं, आता अख्खा पावसाळा त्याने काढलाय म्हणून लिहितेय. नवीन असताना सगळंच छान दिसतं, त्या रिव्ह्यूला काही अर्थ नाही.

आधी मोठ्या शोरूमवाल्यांकडे चौकशी केली, त्यांना त्रिकोण म्हटलं की तोंड वाकडं, त्यांचे डबे ठरलेल्या साइजचे, मग उरलेल्या जागेत "फिलर" लावतो म्हणे. म्हणजे पैसे कपाटाचे आणि मिळणार फळ्या. शेवटी पिंपरी-चिंचवडकडच्या एका इंटिरियरवाल्याला दिलं काम, त्याच्याकडे राजस्थानी सुतार आहेत, साइटवरच काम करतात. नाव टाकत नाही, कारण बिलाचा विषय पुढे येतोच आहे आणि मला कोणाची बदनामी करायची नाहीये.

कपाटाचं आधी सांगते, कारण खरी मजा तिथेच आहे. आमचा जिना सात इंच उंचीच्या आणि दहा इंच रुंदीच्या पायऱ्यांचा आहे, म्हणजे खालचा त्रिकोण साधारण दहा फूट लांब आणि मोठ्या टोकाला सात फूट उंच. आणि जिन्याची रुंदी तीन फूट, म्हणून कपाटाची खोली पण तीन फूट! इथेच बहुतेक लोकांची कपाटं फसतात. आपला नेहमीचा वॉर्डरोब दोन फूट खोल असतो, हात मागपर्यंत पोचतो. तीन फुटात फळ्या मारल्या की मागच्या एक फुटात गेलेली वस्तू परत दिवाळीच्या साफसफाईलाच दिसते. आमच्या ओळखीत एकांकडे असंच आहे, वाकून, मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून शोधतात बिचारे. आमच्याही पहिल्या ड्रॉइंगमध्ये सगळीकडे फळ्या आणि बाहेर शटर, म्हणजे कपाटाचं दार, एवढंच होतं. मी म्हटलं, मला अख्खा कप्पाच बाहेर आलेला पाहिजे. तो म्हणाला होईल, पण खर्च वाढेल. वाढू दे म्हटलं.

आता रचना अशी आहे. सगळ्यात उंच बाजूला एक मोठं शटर, आत शिडी, झाडू, व्हॅक्युम क्लीनर, इस्त्रीचा स्टँड, असं उभं राहणारं सामान. एमसीबीचा, म्हणजे घरातल्या विजेच्या स्विचांचा, बॉक्स पण तिथेच भिंतीवर होता, तो झाकायचा नाही आणि त्याच्यासमोर काही रचायचंही नाही हे आधीच बजावलं होतं. त्याच्या शेजारी मोठी ट्रॉली, म्हणजे अख्खा बाहेर ओढायचा कप्पा, त्यानंतर इन्व्हर्टरचा कप्पा, मग चपलांची बुटकी ट्रॉली. शेवटचा दीड फुटाचा कोपरा फिक्स पॅनल लावून बंद, तिथे कुत्र्याचं घर करा असं कॉन्ट्रॅक्टरने सुचवलं होतं, आमच्याकडे कुत्रं नाही.

ती मोठी ट्रॉली म्हणजे या कामातली बेस्ट गोष्ट. समोरची तिरपी फळी आणि मागे तीन फुटांचा डबा, सगळं एकत्र बाहेर येतं. नुसत्या चॅनलवर, म्हणजे ड्रॉवर सरकतो त्या पट्टीवर, एवढं वजन टांगलं तर ते पुढे झुकणारच, म्हणून सुताराने खाली चाकं बसवली, एकाच दिशेला पळणारी, पीयूची (पॉलियुरेथेनची), फरशीवर ओरखडा उठत नाही, आणि बाजूचं टेलिस्कोपिक चॅनल फक्त ट्रॉली सरळ जावी म्हणून. जमिनीपासून अर्धा इंच गॅप ठेवलाय, फरशी पुसताना पाणी प्लायला लागू नये म्हणून, आणि खालच्या कडेला पीव्हीसीची एज बँड. मी वाकून, बोट फिरवून बघितलं, खालची कड पण बंद केलीये, जी कोणाला कधी दिसणार नाही. सुतार कसा आहे ते अशा ठिकाणी कळतं. ट्रॉलीत गणपतीचं मखर, गौरीचे स्टँड, चौरंग, पाट, लायटिंगच्या माळा असं सगळं बसतं. यंदा गौरी आणायच्या आदल्या दिवशी नवऱ्याला माळ्यावर चढावं लागलं नाही, एका हाताने ट्रॉली ओढली आणि दोन्ही बाजूंनी सामान काढलं. सासूबाईंनी पण शेजारणीला बोलावून दोनदा ओढून दाखवली.

प्लायबद्दल मी जरा हट्टी होते. रेट विथ मटेरियल होता, तरी शीट उतरल्यावर शिक्का बघितल्याशिवाय कापू दिली नाही. जिन्याखालची जागा कोंदट, तळेगावचा पाऊस तर विचारू नका, तिथे आयएस ७१० म्हणजे मरीन प्लायच पाहिजे, ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून टेस्ट करतात ती. बाजारात एमआर ग्रेडची, म्हणजे नुसता दमटपणा सोसणारी, आयएस ३०३ वाली स्वस्त मिळते आणि लॅमिनेट चिकटवल्यावर दोन्ही सेमच दिसतात, मग कोण ओळखणार. पहिल्या लॉटमध्ये दोन शीट ३०३ च्या निघाल्याच. "चुकून आल्या" म्हणे. परत पाठवल्या, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून बदलून आल्या, त्यात काम अडकून बसलं. सुतार लावायच्या आधी मागची भिंत आणि फरशीच्या कडेने वाळवीचं औषध मारून घेतलं, ते त्यांच्या कोटेशनमध्ये नव्हतं, आम्ही वेगळं केलं. तुम्ही पण करा, नंतर भोकं पाडत बसण्यापेक्षा बरं.

इन्व्हर्टरवरून जरा वाद झाला. बॅटरी आमची नेहमीची, पाणी टाकायची ट्युब्युलर. कॉन्ट्रॅक्टर म्हणे मॅडम पूर्ण बंद शटर लावू, लाइन मॅच होते, दिसायला क्लीन. अरे पण चार्ज होताना त्यातून हायड्रोजन सुटतो, आणि इन्व्हर्टर पण तापतो, बंद डब्यात कसं ठेवणार! शेवटी शटरला खाली आणि वर दोन्हीकडे जाळी घेतली, खालून हवा आत येणार, वरून बाहेर जाणार. बॅटरी चाकांच्या स्टँडवर आहे, डिस्टिल्ड वॉटर टाकायला पुढे ओढता येते. जाळीमुळे लॅमिनेटच्या उभ्या रेषा तिथे तुटतात हे खरंय, त्याचं दुःख मला नाही, त्यालाच जास्त होतं.

भरलेला जास्तीचा सिलिंडर पण तिथे ठेवायचा कप्पा त्याने काढला होता ड्रॉइंगमध्ये! एलपीजी हवेपेक्षा जड, लीक झाला तर खालीच साचणार, शेजारी इन्व्हर्टर, आणि वरच्या मजल्यावरून खाली यायचा रस्ता हा एकच. तो कप्पा खोडला.

आता जिना बंद केला त्याबद्दल. सगळी बाजू प्लायने बंद केली असती तर हॉल गुहेसारखा झाला असता, उजेड वरच्या गच्चीच्या दाराकडून जिन्यातूनच खाली येतो. म्हणून वरच्या बाजूला १० एमएमची टफन्ड काच, एमएसच्या (साध्या लोखंडी) चौकोनी पाइपच्या फ्रेममध्ये, पावडर कोटिंग काळं. या काचेचं वजन चौरस मीटरला २५ किलो होतं, त्यामुळे फ्रेम प्लायवर नाही, स्लॅबलाच अँकर फास्टनरने धरलीये, आणि स्लॅबच्या अगदी कडेला भोक पाडू नका असं त्याच्याच वेल्डरने हेल्परला ओरडून सांगितलं, ते ऐकून मला बरं वाटलं. टफन्ड काच एकदा भट्टीतून आली की कापता येत नाही, तिरपा कोन चुकला की काच वाया. त्यांनी पुठ्ठ्याचा फर्मा काढला होता तरी एक काच अर्धा इंच मोठी आली. खर्च त्यांनी सोसला, तोंडातून एक शब्द काढला नाही, याचे पूर्ण मार्क. फक्त नवी काच येईपर्यंत जिन्याला ना रेलिंग ना काच, दोरी बांधून दिवस काढले, पोरांना वर पाठवायची भीती. जुनं रेलिंग काच हातात आल्यावरच काढायचं असं कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

पायथ्याला काचेचं दार आहे, हॉलकडे उघडणारं. पायऱ्यांकडे उघडणारं दार कधीच घेऊ नका, उतरणारा माणूस थेट त्याच्यावर येतो. दार लावलं की वरची एसीची हवा वरच राहते, फोडणीचा ठसका पण बराच कमी झालाय. उन्हाळ्यात मात्र गच्चीखालचा भाग आता तापतो, आधी ती गरम हवा घरभर पसरायची, आता जिन्यातच कोंडते. वरच्या बाजूला उघडणारी एक झडप मागून घेतली होती म्हणून निभावलं, संध्याकाळी ती आणि गच्चीचं दार उघडलं की निघून जाते.

बिल. रेट ठरला होता १,४५० रुपये स्क्वेअर फूट, समोरच्या एरियावर. काम संपल्यावर बिल आलं ७० स्क्वेअर फुटाचं. दहा गुणिले सात! म्हटलं अहो दादा त्रिकोण आहे हा, अर्धा करा, शाळेत शिकवतात. तर म्हणे शीट चौकोनीच येते, तिरपं कापलं की वेस्टेज जातं, सगळेच चौकोन धरतात. वेस्टेज असतं हे मान्य, पण दुप्पट? १,०१,५०० आणि ५०,७५० मध्ये फरक केवढा होतो बघा. दुसऱ्या बाजूने बघितलं तर ट्रॉलीच्या डब्यांना आत खरंच जास्त प्लाय जाते, ती समोरच्या एरियात दिसत नाही, हे त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. खूप घासाघीस झाली, नवरा मध्येच उठून चहा करायला गेला, शेवटी त्रिकोणाचे ३५ फूट आणि दोन ट्रॉल्यांचे प्रत्येकी ९,५०० वेगळे, म्हणजे ६९,७५०, वर १८ टक्के जीएसटी धरून ८२,३०५. काचेचं काम वेगळं. माझ्या मते हा भाव ठीक आहे, पण हे काम सुरू व्हायच्या आधी कागदावर आलं असतं तर दोघांचंही बीपी वाढलं नसतं. तुम्ही कोटेशन घ्याल तेव्हा "माप त्रिकोणाचं" हे दोन शब्द लिहूनच घ्या, सही घेऊन.

पावसाळ्यानंतरची तब्येत: प्लाय कुठे फुगली नाही, बुरशी नाही, ट्रॉल्या पहिल्या दिवसासारख्याच पळतात. त्या मोठ्या उंच शटरला मात्र श्रावणात बाक आला, वरचा कोपरा बाहेर. बाहेर १ एमएमचं लॅमिनेट आणि आतून नुसता रंग मारला होता, मग एवढं उंच शटर वाकणारच, आतल्या बाजूलाही लायनर, म्हणजे आतून लावायचं पातळ लॅमिनेट, पाहिजे, बाकीच्या सगळ्या शटरना आहे, नेमकं ह्यालाच नाही. फोन केला तर साइटवर आहे, उद्या येतो, उद्या गणपती, मग उद्या गावाला. शेवटी तोच राजस्थानी सुतार स्वतःहून रविवारी आला, आतून लायनर लावलं, उभी अॅल्युमिनियमची स्ट्रेटनर पट्टी बसवली, पैसे मागितले नाहीत. चहा-पोहे खाऊन गेला. सुताराला पाचपैकी पाच, कॉन्ट्रॅक्टरला तीन, तेही काचेमुळे.

काचेच्या वरच्या फ्रेमला सिलिकॉन भरायचं अजून राहिलंय, तिथून धूळ येते. शनिवारी माणूस पाठवतो म्हणालाय, कुठल्या शनिवारी ते काही बोलला नाही.