बन-मस्का: कयानी की गुडलक?
मुंबईत मेट्रो थिएटरसमोरचं कयानी १९०४ चं, पुण्यात डेक्कनचं गुडलक १९३५ चं. दोन्ही इराणी कॅफे, दोन्हीकडे बन-मस्का. तरी कयानीत मी ब्रून-मस्काच मागवतो. कडक पाव, आत लोणी. चहात बुडवला की कडा मऊ पडते, पण दाताखाली अजून कुरकुरतो. सोबत मावा केक हवाच. जुन्या लाकडी खुर्चीत टेकलं की उठावंसं वाटत नाही.

गुडलकचा बन मऊ, गोडसर, मस्का सढळ हाताने. बनमध्ये माझं मत पुण्याला (मुंबईकरांनी रागावू नये). फक्त रविवारी सकाळी जाऊ नका: आधी दारात ताटकळा, मग खाताना उभ्या असलेल्यांच्या नजरा झेला. मधल्या वारी, सकाळी लवकर गाठा.